न राखलेले पाच टक्के

काम किती टक्के झालं हे सांगण्यावर मी सौदीत एकोणीस वर्षं पोट भरलं. मी प्लॅनिंग इंजिनिअर. पंप बसवणारा पंप बसवतो, पाइप जोडणारा उन्हात करपत पाइप जोडतो, आणि मी एसीत बसून लिहितो: साठ टक्के, ऐंशी टक्के, पंच्याण्णव. या पंच्याण्णवची किंमत बाहेरच्याला कळायची नाही. शंभर लिहिलं की काम संपलं, माणसं हलवली, फाइल बंद. त्यामुळे कुणाला थोडा वेळ हवा असला की मी पंच्याण्णववर थांबायचो. रंग बाकी, एक सही बाकी, एक बोल्ट बाकी. अबकैकच्या रस्त्यावरच्या एका प्लांटमधला पंप मी सात महिने पंच्याण्णववर ठेवला होता, का तर तिथल्या फोरमनच्या मुलीची बारावी व्हायची होती. फोरमन मला देवमाणूस म्हणायचा. मलाही ते पटायला लागलं होतं.

एका माणसाच्या बाबतीत मात्र मी शंभर लिहिले. तो आमच्या ऑफिसातला म्हातारा भाषांतरकार. सीरियाचा, डोंगरातल्या एका खेड्यातला, ख्रिस्ती. सगळे त्याला उस्ताज म्हणायचे, म्हणजे गुरुजी. कंपनीची सरकारी पत्रं इंग्रजीतून अरबीत आणि अरबीतून इंग्रजीत करणं हे त्याचं काम. माझं टेबल खिडकीशी, त्याचं दाराशी. खोलीत आम्ही दोघंच.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली की ऑफिस रिकामं व्हायचं. फोन बंद, दारं बंद. मी नाशिकचा हिंदू, तो ख्रिस्ती. आम्ही दोघंच मागे राहायचो. त्या वीस मिनिटांत मी डबा उघडायचो आणि उस्ताज टेबलाखालून बुटांचं खोकं काढायचा. खोक्यात पोस्टकार्डाएवढी कार्डं, प्रत्येकावर मुंगीएवढ्या अरबी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं. अशी तीन खोकी होती. तीस वर्षांचं काम.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्याच्या डोंगरातली माणसं बोटीत बसून अमेरिकेला गेली. तिथे पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार फिरली, गिरण्यांत राबली, आणि त्यांच्यातल्या काहींनी परक्या शहरात अरबी वर्तमानपत्रं काढून त्यात लिहायला सुरुवात केली. लिहिलं ते बहुतेक सगळं आत्म्याबद्दल. देव देवळात नाही, थेंबात आणि समुद्रात आहे. देह हा परदेश आहे आणि आत्मा घराकडे निघालेला प्रवासी. धर्मगुरूंना बाजूला सारा आणि रानात जाऊन प्रार्थना करा. उस्ताज कार्डावरून अरबी वाचायचा, मग त्याचं इंग्रजी करून सांगायचा. मी घास चावत ऐकायचो. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, यात काय नवीन आहे, आमच्याकडे हे भाजीवालीसुद्धा सांगते. तसं मी त्याला बोललोही.

तो रागावला नाही. म्हणाला, "मुहंदिस, काय लिहिलं ते सोड. कुणी लिहिलं ते बघ." मुहंदिस म्हणजे इंजिनिअर, इतक्या वर्षांत त्याने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

मग त्याने त्याच्या आजोबांच्या भावाची गोष्ट सांगितली. तोही असाच फेरीवाला. गाठोड्यात वरच्या थराला लाकडी क्रूस आणि जपमाळा, खाली सुया, दोरे, लेस. दार उघडलं की आधी क्रूस दाखवायचा आणि म्हणायचं, जेरुसलेमचं लाकूड आहे बाई. बाईचा हात छातीशी जायचा, दार सताड उघडायचं, मग लेस खपायची. क्रूस शेजारच्याच गावातल्या कारखान्यात तयार व्हायचे. या माणसाने घरी एकच पत्र पाठवलं, आणि त्यात एवढंच लिहिलं होतं: एका म्हातारीने बर्फात गुडघे टेकून माझ्या खोट्या क्रूसाचं चुंबन घेतलं, तेव्हापासून मला झोप नाही.

"देव वस्तूत नसतो, हे वाक्य इथून येतं," उस्ताज म्हणाला. "ज्यांनी देव विकला त्यांच्या पोरांनी ते लिहिलं. आणि आत्म्याचं घर, आत्म्याचं घर असं जे सगळे लिहीत बसलेत, त्यांतल्या एकालाही गावी परत जाता येत नव्हतं. ज्याच्या खिशात घराची किल्ली असते तो असलं काही लिहीत नाही."

मी डबा बाजूला सारला. आयुष्यभर प्रवचनं ऐकली, पण एखाद्या विचाराला असं खाली बसवून, त्याचे जोडे काढून, तळवे तपासणारा माणूस मी पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी वही आणायला लागलो. तो सांगायचा, मी मराठीत उतरवायचो. अशी दोन वर्षं गेली. संक्रांतीला माझ्या बायकोने त्याच्यासाठी गुळाची पोळी दिली तर तो म्हणाला, तीळ आमच्याकडचाही हाच. एक पोळी खाल्ली, एक रुमालात बांधून घेतली.

मग मला बुद्धी सुचली. नाशिकच्या एका छोट्या दिवाळी अंकाच्या संपादकांची माझी जुनी ओळख. त्यांना मी लेख पाठवला: अमेरिकेत गेलेल्या पहिल्या अरबांचं साहित्य आणि त्यातला अध्यात्माचा प्रवाह. तेरा पानं. गाठोड्याची गोष्ट, किल्लीची गोष्ट, सगळं घातलं. उस्ताजचं नाव घातलं नाही. घालणार होतो, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. पहिल्याच कच्च्या मसुद्यात मी 'माझे एक सीरियन सहकारी' असं लिहिलं होतं आणि दुसऱ्या वाचनात त्यावर काट मारली. ते शब्द असले की लेख माझा वाटत नव्हता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी.

अंक माझ्या मेव्हण्याने आणला. बायकोने अल-खोबरच्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून तो लेख शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, "अहो, तुम्हाला अरबी कधीपासून येतं?"

"लेखात तसं लिहावं लागतं," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मुलगी सातवीत होती, तिने "नाइस, बाबा" म्हणून फोटो काढला. संपादकांचं पत्र आलं की लेख गाजतोय, याचं पुस्तक करा.

हा उत्साह मला आवरला नाही, म्हणून मी अंक ऑफिसात नेला. उस्ताज इतका खूश झाला की उठून उभा राहिला. दोन्ही हातांनी अंक धरून त्याने पानं उलटली. त्याला एक अक्षर वाचता येत नव्हतं. "हे आपलं?" तो म्हणाला. "हे सगळं? माझ्या आजोबांचा भाऊ हिंदुस्तानात पोचला?" मग त्याने साहजिकच ते विचारलं. "यात मी कुठे आहे?"

मी मधल्या एका पानावर, दुसऱ्या रकान्यात, कुठेतरी बोट ठेवलं. "इथे."

त्याने खिशातून पेन्सिल काढून त्या ओळीभोवती गोल केला. नीट, हळूहळू, ओळीला धक्का न लावता. मी अंक त्यालाच देऊन टाकला. परत मागायची सोय नव्हती.

त्याच हिवाळ्यात आमच्या कंपनीचा रंग हिरव्याचा पिवळा झाला. त्या वर्षांत सरकार कंपन्यांना रंग द्यायचं. सौदी माणसं पुरेशी असली तर हिरवा, कमी पडली तर पिवळा, मग लाल. पिवळ्यात गेलं की परदेशी माणसांचे इकामे, म्हणजे राहण्याचे परवाने, अडकायला लागतात, आणि इकामा नसला की माणूस त्या देशात नसल्यात जमा. सौदी भरा आणि आम्हाला कमी करा, एवढाच उपाय. मॅनेजरने मला बोलावलं. तोही आमच्यासारखाच परदेशी, त्याचीही पाचावर धारण बसलेली. म्हणाला, तुमच्या खोलीतून या तिमाहीत एक माणूस जाणार. भाषांतराच्या जागेवर सौदी मुलगा घेतलाय. तो तयार झाला की उस्ताजला फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं मायदेशी परत. तयार झाला की नाही ते तुम्ही सांगायचं, टक्क्यांत. तिमाही संपेपर्यंत तयार झाला नाही, तर मग मला दुसरं नाव द्यावं लागेल. दुसरं नाव कुणाचं ते त्याने सांगितलं नाही. खोलीत दुसरा माणूस एकच होता.

तो सौदी तरुण हुफूफचा, पंचविशीतला, पदवी घेऊन दोन वर्षं घरी बसलेला. पहिल्या दिवशी त्याने उस्ताजच्या खांद्याचं चुंबन घेतलं, इथे वडीलधाऱ्यांना करतात तसं, आणि उस्ताजच्या खुर्चीवर न बसता स्टूल ओढून बाजूला बसला. हँडओव्हरच्या कागदावर बावीस कामं होती. दाखवलं, बरोबर केलं, एकट्याने केलं, असे तीन रकाने, आणि खाली माझी सही.

आठवड्याभरात उस्ताज दुपारच्या वीस मिनिटांत माझ्याकडे आला. खोकं न काढता आला. त्याची मुलगी जर्मनीत होती. तिने बापासाठी अर्ज केला होता आणि रियाधच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळाली होती, ईदनंतरची. पाच महिने होते. मुलाखतीला जाताना हातात चालू इकामा हवा. त्याआधी एक्झिट लागली तर गावी परत, आणि गावाकडे तेव्हा लढाई पोचली होती. साठी उलटलेल्या माणसाला दुसरा कफील, म्हणजे जामीन राहणारा मालक, कुठून मिळणार? हे सगळं त्याने सांगितलं आणि म्हणाला, "मुहंदिस, मला पंच्याण्णववर ठेव. पंपाला ठेवलंस तसं."

मला काय काय वाटलं ते सांगतो. मुलीची शाळा आठवली, ते खरं. पण त्याच्याही आधी मला पुस्तक आठवलं. हा इथे असेपर्यंत कुणीतरी त्याला तो लेख वाचून दाखवेल, ही भीती मला रोज पोखरत होती. खोबरमध्ये मराठी माणसं काय कमी आहेत? त्यातून पुस्तक निघालं तर हा म्हणणार, आपल्या दोघांचं. तसं तो आधी एकदा म्हणालाही होता.

मी म्हणालो, "उस्ताज, तुम्हीच शिकवलंत ना मला, आत्म्याला देश नसतो. मग इतकं घाबरायचं कशाला?"

हे वाक्य मी ठरवून बोललो. तोंडातून निसटलं वगैरे नाही. त्याच्याच खोक्यातलं कार्ड काढून मी त्याच्या तोंडावर मारलं, आणि मारताना मला बरं वाटलं.

तो म्हणाला, "आत्म्याला नसतो. इकामा देहाचा असतो." आणि जागेवर जाऊन बसला.

एवढं होऊनही तो माणूस त्या मुलाला वाईट शिकवू शकला नाही. दुसरा कुणी असता तर अर्धं लपवलं असतं; आमच्याकडे हँडओव्हर म्हणजे लपवण्याचीच कला. हा सगळं सांगायचा: कुठल्या खात्याला पत्राच्या सुरुवातीला किती नमन करायचं, कुठला अधिकारी तारीख दोन्ही पंचांगांची मागतो, नकार कसा लिहायचा की वाचणाऱ्याला होकार वाटेल. मुलगाही हुशार होता. तीन आठवड्यांत त्याची पत्रं निर्दोष झाली. आणि मग अचानक चुकायला लागली.

रविवारी तारीख चुकली. सोमवारी खात्याचं नाव. मंगळवारी अर्धा परिच्छेद गाळला. उस्ताज वैतागायचा, पुन्हा समजावायचा. मी मात्र इतकी वर्षं कामगारांच्या चुका मोजलेला माणूस. ज्याला येत नाही तो एकच चूक दहा वेळा करतो. रोज नवी चूक करायला काम चांगलं यावं लागतं. पोराने उस्ताजच्या मुलाखतीच्या तारखेबद्दल कुठून तरी ऐकलं होतं आणि स्वतःच पाच महिने मठ्ठ राहायचं ठरवलं होतं. ज्याच्यासाठी जागा रिकामी करायची होती तोच ती अडवून बसला होता.

एकदा उस्ताज दवाखान्यात गेला असताना मी त्या मुलाला एक अवघड पत्र दिलं आणि समोर बसून राहिलो. त्याने लिहिलं, मध्येच थांबला, माझ्याकडे बघितलं.

"मुहंदिस, मला अजून येत नाही," तो म्हणाला. "ईदपर्यंत लागेल."

"तुला येतं," मी म्हणालो.

"नाही येत. तुम्ही लिहा की नाही येत. मी मॅनेजरला सांगतो मी मूर्ख आहे."

"तुझी नोकरी पक्की होतेय. तुला नको का?"

"मला हवी आहे," तो म्हणाला. "पण ईदनंतर."

मी त्याच्या समोर हँडओव्हरचा कागद घेतला, बावीसही कामांपुढे खूण केली, खाली शंभर लिहून सही केली. त्याने कागदाकडे बघितलं नाही, माझ्याकडेच बघत राहिला. मग नमाजाची वेळ झाली म्हणून उठून गेला.

उस्ताज बारा दिवसांनी गेला. दम्मामच्या विमानतळावर त्याला तो मुलगाच सोडायला गेला. मला मीटिंग होती. मीटिंग खरोखरच होती, मी ती मुद्दाम ठेवली होती. निघताना उस्ताजने तिन्ही खोकी माझ्या टेबलावर ठेवली. सामानाला वजन पुरत नव्हतं, आणि तिकडे नेऊन थंडीत जाळण्यापेक्षा तुझ्या उपयोगी पडतील, म्हणाला. दिवाळी अंक मात्र त्याने बॅगेत घातला.

खोकी उपयोगी पडली नाहीत. मला अरबी येत नव्हतं. माझी वही संपली, संपादकांची पत्रं येत राहिली, मी कार्डं उलटसुलट करून बघायचो. तीस वर्षांचं काम माझ्यासमोर होतं आणि त्यातली मला ओळखू येणारी गोष्ट एकच, वरच्या कोपऱ्यातला आकडा. पुस्तक झालं नाही. सहा महिन्यांनी मी ती खोकी त्या मुलाला दिली, कपाट रिकामं करायचंय असं सांगून.

ईदनंतर ऑफिसच्या पत्त्यावर एक ईमेल आली. उस्ताजने अर्जात आमच्या खोलीचाच सामाईक ईमेल पत्ता दिला होता, म्हणून ती माझ्या नजरेला पडली. अर्जदार मुलाखतीस हजर राहिला नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. माझ्यासारख्याच कुणीतरी तीही फाइल शंभर टक्क्यांवर नेली होती.

माझी पाळी पाच वर्षांनी आली. तोवर तो मुलगा आमच्या विभागाचा प्रमुख झाला होता. माझ्या जागी दोन सौदी इंजिनिअर घेतले होते, हँडओव्हर सुरू होता, आणि मुलगी बारावीला होती. त्याने मला केबिनमध्ये बोलावून कहवा दिला. "मुहंदिस, तुम्हाला किती महिने लागतील?" त्याने विचारलं.

मला ते नीट ऐकू आलं होतं, तरी मी पुन्हा विचारलं.

"मुलीची परीक्षा कधी आहे? तोपर्यंत मी पंच्याण्णववर ठेवतो. हे इथे असंच करतात ना?" टोमणा नव्हता. त्याला खरंच असं वाटत होतं की ही पद्धत माझी आहे, आणि उस्ताजच्या वेळी माझा नाइलाज झाला होता. त्याने पाच वर्षं माझ्याबद्दल चांगलं गृहीत धरलं होतं. मी महिने सांगितले. त्याने लिहून घेतले.

मग तो म्हणाला की उस्ताज गेल्या थंडीत गेले. गावात इंधन नव्हतं, छातीत कफ झाला. त्यांच्या मुलीने कळवलं. तो शेवटपर्यंत त्यांना दर शुक्रवारी फोन करत होता. आणि खोक्यांतली सगळी कार्डं त्याने स्वतः टाइप केली होती, रोज थोडी थोडी. आता पुस्तक छापायचं होतं, उस्ताजच्या नावाने. "सुरुवातीला एक गोष्ट घालायची आहे," तो म्हणाला आणि फोनमधला फोटो माझ्यापुढे धरला. "हे उस्ताजने मला पाठवलं होतं. हिंदुस्तानात त्यांचं नाव छापून आलं ते पान. ते सगळ्यांना दाखवायचे. हे मला वाचून दाखवाल?"

पान माझंच होतं. पेन्सिलचा गोल स्पष्ट दिसत होता. पाच वर्षांत मी ती ओळ कधी शोधली नव्हती. आता चष्मा लावून वाचली, आणि त्याने सांगितलं म्हणून मोठ्याने वाचली, मराठीतच. तो मान खाली घालून, प्रार्थना ऐकावी तसा ऐकत होता.

"सुंदर," तो म्हणाला. "अर्थ सांगा, मी लिहून घेतो."

मी सांगितला. त्याने अरबीत लिहून घेतला. पुस्तकाची प्रत त्याने मला नाशिकच्या पत्त्यावर पाठवली आहे. पहिल्याच पानावर तो फोटो आहे, आणि खाली अरबीत माझा अर्थ: 'हे सारं मला ज्यांनी शिकवलं त्या माझ्या सीरियन गुरूंना मी वंदन करतो.' अरबी वाचणाऱ्याला त्यात काही खटकणार नाही. पण फोटो मोठा छापलाय, मराठी अक्षरं लख्ख दिसतात, आणि कधी ना कधी ते पान एखाद्या मराठी माणसाच्या हाती पडेल. त्याच्या आधी मीच सांगतो. गोलातली ओळ अशी आहे: 'हे सर्व साहित्य मी स्वतः मूळ अरबीतून वाचले आहे.'